जेवणघरातला दिवा

त्या घरात उंच माणूस कधी जन्मालाच आला नव्हता, त्यामुळे दिवे फार खाली लोंबतात अशी तक्रार करायला कुणी नव्हतं. वडील बुटके, आई त्यांच्याहून बुटकी, आणि दोन्ही मुलगे आईवर गेलेले. वडिलांचा छापखाना होता. कच्चे छाप तपासायला ते घरी घेऊन येत आणि जिथे बसतील तिथे तपासत, अगदी जेवणाच्या टेबलावरसुद्धा. म्हणून त्यांनी प्रत्येक खोलीतला दिवा पार कपाळापर्यंत उतरवून ठेवला होता. दिव्यांना पत्र्याच्या काळ्या टोप्या. उजेड सगळा कागदावर आणि छत अंधारात. छताचा रंग कुठला, हे घरातल्यांनाही धड सांगता आलं नसतं. कोण बघतो छताकडे? ते वर असतं आणि वरच राहणार, अशी आपली सगळ्यांचीच समजूत असते.

वडील गेल्यावर छापखाना दोघा भावांकडे आला. थोरला जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे, एकेक अक्षर, चिमटीत उचलून ओळ जुळवणारा. धाकटा यंत्र चालवायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि बारीकसारीक गोष्टीवरून डोक्यात राख घालून घ्यायचा. पुढे शिशाच्या छपाईचे दिवसच सरले, कामं आटली आणि छापखान्याला टाळं लागलं. त्या दिवशी सगळे कामगार जमलेले असताना धाकटा म्हणाला, "दादाला दिसत नाही आता. त्याच्या चुका निस्तरता निस्तरता बसला आपला छापखाना." हे धादांत खोटं होतं. कामगारांना ते माहीत होतं, थोरल्याला माहीत होतं आणि धाकट्याला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. थोरल्याने खिळ्यांच्या पेट्या हातगाडीवर घातल्या, घरी आणून वरच्या मजल्यावर चढवल्या, मधल्या जिन्याच्या दाराला वरून कडी लावली आणि तेव्हापासून मागच्या जिन्याने ये-जा करू लागला.

"चूक झाली माझी," एवढंच धाकट्याने म्हणायचं होतं. पहिल्या आठवड्यात तो म्हणणारही होता. पण रस्त्यात दादा समोरून आला आणि मान फिरवून निघून गेला, तेव्हा ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आता आधी त्याने बोलावं, मग मी बोलेन, असं ह्याने ठरवलं. असं ठरवायला एक क्षण लागतो आणि निभवायला अख्खं आयुष्य पुरत नाही. धाकट्याची बायको वारली तेव्हा थोरला आला, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मागे उभा राहिला आणि मागच्या जिन्याने वर गेला. तेव्हापासून वर एक म्हातारा एकटा आणि खाली एक म्हातारा एकटा. वरच्याच्या खोकल्यावरून खालच्याला हवा बदलल्याचं कळे, एवढंच काय ते दळणवळण उरलं होतं.

मग धाकट्याच्या जावयाची बदली झाली, आणि लेक, जावई आणि त्यांचं काही महिन्यांचं बाळ अशी तिघं त्या घरात राहायला आली. घर भरलं. धाकटा हरखून गेला. बाळ रडलं तरी त्याला कौतुक आणि झोपलं तरी कौतुक. जावई मात्र ताडमाड उंच. पहिल्याच दिवशी व्हरांड्यातला दिवा त्याच्या कपाळावर बसला, दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीतला. माणूस भला, हसून सोडून दिलं. पण जेवणघरात एकदा बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालताना पत्र्याच्या टोपीची धार त्याच्या भुवईला लागली आणि रक्त बाळाच्या झबल्यावर सांडलं. बाळाला काही झालं नव्हतं. पण ते लाल ठिपके बघून लेकीचा जीव खालीवर झाला.

"बाबा, हे दिवे वर घ्या," ती म्हणाली. "आज भुवईला लागलं, उद्या बाळाच्या डोक्याला लागेल."

"उद्याच वायरमनला बोलावतो. नातीच्या डोक्याशी खेळ नको."

वायरमन आला. केस पिकलेला, पोट सुटलेला आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू असलेला गृहस्थ. व्हरांड्यातला आणि पुढच्या खोलीतला दिवा साखळीवर होता. त्याने साखळीच्या चार कड्या काढल्या की काम फत्ते. जेवणघरातला दिवा बघून मात्र त्याची बडबड जरा थांबली. हा दिवा साखळीवर नव्हता, सरळसोट लोखंडी गजावर होता. तो गज छताच्या मधल्या तुळईतून आरपार वर गेला होता, आणि त्याला पेलून धरणारा नट होता वरच्या खोलीत, फळ्यांच्या जमिनीवर.

"सोपं आहे," वायरमन म्हणाला. "वर जायचं, नट काढायचा, गज वर ओढायचा, वरचा तुकडा कापायचा, पुन्हा नट बसवायचा. वर कोण राहतं?"

धाकट्याने लेकीकडे बघितलं, लेकीने छताकडे.

"वर जायचं नाही," धाकटा म्हणाला. "जे करायचं ते खालूनच करा."

"काका तसे काही खाणार नाहीत आपल्याला," लेक म्हणाली. "मी जाऊन सांगते."

"कुणी जायचं नाही म्हटलं ना? माझ्या घरातला दिवा वर घ्यायला मला त्याची परवानगी लागत नाही."

वायरमनला लोकांच्या घरातली भांडणं नवी नव्हती. त्याने गज सैल सरकावा म्हणून तुळईतलं भोक खालून कोरून मोठं केलं, गज हातभर वर ढकलला आणि लोखंडी पट्टीने तो तुळईला खालूनच आवळून टाकला. दिवा वर गेला. जावई संध्याकाळी आला, दिव्याखालून ताठ मानेने चालत गेला आणि बाळाला म्हणाला, "बघ, तुझ्या बाबाला आता ह्या घरात मान वर करून चालता येतं!" सगळे हसले. पण हातभर गज खालून वर गेला, तो वरच्या जमिनीतून हातभर बाहेर आलेला असणार, हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

जेवणं चालू असतानाच वर काहीतरी धाडकन आपटलं. मागोमाग एक लांबलचक "आई गं" आणि मग सामसूम.

"काका पडले वाटतं," लेक ताटावरून उठली.

"बस खाली. पडला बिडला काही नाही. नाटकं आहेत ती."

धाकट्याने मान खाली घातली ती हसू लपवायला. लेकीला ते दिसलं. ती बसली, पण त्या दिवशी तिने पुन्हा घास उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी वर काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. फळ्यांवरून पेटी सरकवावी तसा, थांबत थांबत, जणू ओढणारा एका पायावर उभा राहून ओढत होता. आवाज खोलीच्या मधोमध आला आणि थांबला. छतातून 'कट्' असा एक आवाज आला, बोटं मोडल्यासारखा. पट्टीचे स्क्रू उचकटून बाहेर आले, आणि दिवा होता तिथे परत.

धाकट्याला क्षणात उमगलं. दादाने गजाच्या टोकावर खिळ्यांची पेटी ठेवली होती. शिशाने भरलेली पेटी म्हणजे तरण्या माणसाचंही कंबरडं मोडायचं काम. इतक्या वर्षांत दादाने त्याला दिलेलं हे पहिलं उत्तर होतं. धाकट्याला राग आला, आणि रागाच्या तळाशी कुठेतरी चक्क बरंही वाटलं. कुणीतरी आपल्याशी खेळतंय, अशातलं ते बरं वाटणं होतं.

"असं काय?" तो छताकडे बघून म्हणाला आणि त्याने वायरमनला फोन लावला.

मग हे सुरूच झालं. वायरमनने लांब स्क्रू आणले, रुंद पट्टी आणली, गज वर ढकलला. वर आणखी एक पेटी सरकत आली. पट्टीला दोन्ही बाजूंनी आधार दिला, वर आणखी पेटी आली. जावई आधी हसायचा, मग वाकून चालायला लागला. म्हणाला, "राहू दे हो बाबा, मला वाकायची सवय आहे." पण आता जावयाच्या कपाळाचा प्रश्न उरलाच नव्हता. सकाळी उठल्यावर धाकटा तोंड धुण्याआधी जेवणघरात जाऊन दिवा बघे. खाली असला तर दात-ओठ खाई. वर असला तर दिवसभर गुणगुणत राही. इतका टवटवीत तो बायको गेल्यापासून कधी दिसला नव्हता.

लेकीला मात्र ते घर नकोसं होऊ लागलं. जेवणघर आतल्या बाजूला, उबदार आणि शांत, म्हणून बाळाची खाट दिवसा तिथेच असायची. तिच्या लक्षात आलं की, झाकून ठेवलेल्या दुधावरही पिवळट भुसा पडलेला असतो. तिने टेबल पुसलं की तासाभरात पुन्हा तोच भुसा. जेवणघराचं दार आधी घासायला लागलं, मग अडकायला लागलं, मग खांद्याने ढकलल्याशिवाय उघडेना. भिंतीतल्या फडताळाची दारं आपोआप उघडायची आणि तशीच राहायची. आणि बाळ झोपेतून दचकून उठायचं. रडायचं नाही, नुसतं डोळे मोठे करून वर बघत राहायचं.

"दमट हवा आहे, लाकूड फुगतं," धाकटा म्हणायचा. "भुसा वाळवीचा असेल. जुन्या घरात असायचंच."

"आणि वरचे आवाज?"

"तो वरचा म्हातारा पेट्या घेऊन नाचतोय, दुसरं काय?"

"बाबा, काका हल्ली मागच्या जिन्याने उतरताना दिसले का तुम्हाला? किराणावाला सामान वर नेऊन देतो. खोकलासुद्धा एकाच जागेवरून ऐकू येतो."

धाकटा तोवर दिव्याकडे बघायला लागला होता.

शेवटी एकदा वायरमन घडवंचीवर चढून पट्टीकडे बराच वेळ बघत राहिला. स्क्रू चाचपले, पट्टी हलवून बघितली, डोकं खाजवलं.

"साहेब, गंमत आहे. स्क्रू जागच्या जागी आहेत, पट्टी घट्ट आहे. गज तसूभर सरकलेला नाही. तरी दिवा खाली आलाय."

"असं कसं होईल? पट्टी वाकली असेल तुमची."

"वाकलेली दिसत तर नाही."

"दिसत नसेल. टोपीच्या वर अंधार आहे."

अंधार होता, हे खरं होतं. वायरमनने टॉर्च बाहेर गाडीत ठेवला होता आणि तो आणायला पुन्हा घडवंचीवरून चढउतार कोण करणार, म्हणून तो म्हणाला, "असेल, वाकली असेल." दोघांनीही मान डोलावली. पट्टी जागेवर, गज जागेवर, आणि तरी दिवा खाली. राहतं काय, हे शाळकरी पोरानेही सांगितलं असतं. पण ह्या दोघांना दिवा वर घ्यायचा होता, आणि दिवा वर घेणारा माणूस दिव्याच्याच तंद्रीत असतो.

"ह्याला आता जॅकच पाहिजे," वायरमन म्हणाला. "गाडी उचलतात तसला. माझ्या भाच्याचं गॅरेज आहे."

"आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी वायरमन जॅक घेऊन आला. जावई कामावर गेला होता. जेवणाचं टेबल मधोमध ओढलं, टेबलावर लाकडी स्टूल, स्टुलावर जॅक आणि जॅकचं डोकं त्या रुंद पट्टीखाली. दिवा सोडवून खाली ठेवला होता. बाळ भिंतीकडेच्या खाटेवर झोपलेलं. लेक दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती.

वायरमनने दांडा मारायला सुरुवात केली. जॅक चढला, पट्टीला टेकला, आणि छत बोललं. आवाज लहान नव्हता. खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकूड कण्हत गेलं, आणि भुशाची एक सर बाळाच्या तोंडावर पडली. बाळ किंचाळून उठलं.

"थांबवा!" लेक ओरडली. तिने बाळाला उचललं, त्याचे डोळे पदराने पुसले. "बाबा, बस झालं. आत्ताच्या आत्ता वर जा आणि काकांशी बोला. नाहीतर मी जाते. आणि मी गेले, तर तशीच बाळाला घेऊन ह्या घरातून जाईन. पुन्हा येणार नाही."

ती नुसती धमकी देत नव्हती, हे धाकट्याला तिच्या आवाजावरून कळलं. लेक गेली तर घर पुन्हा आधीसारखं होणार, वर एक आणि खाली एक. ते त्याला नको होतं, काहीही झालं तरी नको होतं. आणि तिने वर जाऊन काकांच्या हातापाया पडणं तर त्याहून नको होतं.

"जातो," तो म्हणाला. "चांगला खडसावूनच येतो. वायरमन, जॅक असाच राहू द्या. पेट्या हटल्या की वरून हाक मारतो. मग पट्टी आवळा आणि जॅक काढून घ्या."

तो पाय आपटत मागच्या जिन्याने चढला. काय काय बोलायचं ते मनात जुळवत होता. दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने ते धाडकन उघडलं, पाय आत टाकायला उचलला, आणि तो पाय तसाच हवेत राहिला.

खोलीची जमीन परातीसारखी मधे खोल गेली होती. कडेचं कपाट, पलंग, पाण्याचं पिंप, सगळं मधल्या खळग्याकडे कललेलं. त्या खळग्यात खिळ्यांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. किती, ते मोजायचं भान त्याला नव्हतं. आणि त्या पेट्यांच्या ढिगावर, सगळ्यांत वर, दादा बसला होता. केवढासा झाला होता तो. दाढी वाढलेली, आणि उजव्या पायाला घोट्यापासून बोटांपर्यंत मळक्या फडक्यांचं बोचकं. पाय सुजून काळानिळा पडला होता. खोलीत त्या पायाची घाण सुटली होती.

"उचल की," दादा हसून म्हणाला. "थांबलास का? म्हटलं, आज मीच बसतो वर. बघू दे, भावाला उचलतोस का ते."

उंबऱ्याच्या आत, जिथे फळ्या भिंतीला भिडायला हव्यात, तिथे हात जाईल एवढी फट होती. फटीतून खालचा उजेड येत होता. धाकट्याने वाकून बघितलं. खाली त्याला त्याचं जेवणघर दिसलं, टेबल दिसलं, टेबलावरचं स्टूल, स्टुलावरचा जॅक. आणि त्या सगळ्याशेजारी बाळाला छातीशी धरून उभी असलेली लेक. तो एवढासा जॅक सोडला तर ह्या खोलीला आता कशाचाही आधार नव्हता.

"साहेब!" खालून वायरमनची हाक आली. "गज बराच वर गेलाय की! पट्टी आवळली. जॅक काढू का?"

"नको!" धाकटा इतक्या जोरात ओरडला की त्याचा आवाज फाटला. "हात लावू नका त्याला! तसाच सोडा आणि बाहेर पळा! पोरी, बाळाला घेऊन रस्त्यावर जा! काही घेऊ नकोस, पळ!"

लेकीने वर बघितलं. फटीतून तिला बापाचा डोळा दिसला असेल, नसेल. पण ती पळाली. अडकलेल्या दारावर तिचा खांदा आदळल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग दार उघडलं. मागोमाग वायरमनच्या चपलांची फटफट. मग रस्त्यावरून बाळाचं रडणं ऐकू आलं. धाकटा उंबऱ्यावरच मट्कन बसला.

"मुलगा की मुलगी?" दादाने विचारलं.

"काय?"

"बाळ रे. इतके दिवस ऐकतोय. काय आहे?"

"मुलगी."

"वाटलंच मला. रडणं कसं ठाम आहे." दादा क्षणभर ऐकत राहिला. "आपल्या आईवर गेली असणार."

"दादा," धाकटा म्हणाला. हा शब्द उच्चारून किती काळ लोटला होता, आणि तो किती सहज आला. "दादा, हळूच खाली उतर. जमीन चाललीय. सरपटत ये माझ्याकडे. पटकन नको, हळू ये."

"चाललीय ती कधीची. पहिल्याच दिवशी तुझा गज पायात घुसला, तेव्हापासून हा पाय टेकवत नाही. मी म्हटलं, तू खालून ओढतोयस जमीन. दिव्याला लोंबकळतोयस की काय माकडासारखा!" तो खो खो हसला, आणि हसण्याने पेट्या हलल्या. फळ्या कुरकुरल्या. "इतकी वर्षं टिकलंय, अजून घटकाभर टिकेल. वडिलांनी बांधलेलं घर आहे."

"दादा, तुझ्या पाया पडतो, ये."

धाकटा उंबऱ्यावर पालथा पडला, पाय दारामागे अडकवले आणि त्याने हात जमेल तेवढा लांब केला. आत जाऊन त्याला उचलून आणावं असं आतड्यातून वाटत होतं. पण एक हात टेकवला तरी समोरची फळी खाली जात होती. दादाने पेट्यांवरून एक पाय खाली सोडला, मग तो सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून सोडला. कळ आली तेव्हा डोळे मिटले. मग फळ्यांवर बसून कुल्ल्यांवर सरकत, इंच इंच, तो चढ चढायला लागला. घामाने डबडबला होता. धाकट्याच्या बोटांपासून त्याचा हात वीतभर राहिला, तेव्हा तो थांबला.

"ये ना! थांबलास कशाला? हात दे!"

दादाने त्या हाताकडे बघितलं. मग भावाच्या तोंडाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत हसू होतं, लहानपणी लपवलेली गोटी परत देण्याआधी असायचं ना, तसं. आणि त्या हसण्याखाली काहीतरी फार दिवसांचं उपाशी होतं.

"देतो," तो म्हणाला. "पण आधी म्हण."

"काय म्हणू?"

"तुला माहितीय काय ते. छापखान्यात बोललास, सगळ्यांसमोर. इथे तर कुणीच नाही, मी एकटा आहे. चूक झाली म्हण. तेवढं म्हण, की येतोच."

धाकट्याने तोंड उघडलं.

त्याला म्हणायचं होतं. ह्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्या घटकेला दादासाठी त्याने हाताचं हाड काढून दिलं असतं. पण ते दोन शब्द इतकी वर्षं आत दाबून ठेवलेले, त्यांच्यावर अशी मणामणाची सवय रचलेली, की ते बाहेर येता येता घशाशी अडले. मनात आलं, ही काय वेळ आहे का? मनात आलं, असं अडवून म्हणायला लावतात का? म्हणायचंच झालं, तरी मी आधी का? हे सगळं एका आवंढ्याच्या आत झालं. त्याने आवंढा गिळला.

खाली स्टुलाचा पाय मोडला.

आधी जॅक टेबलावर पडल्याचा आवाज आला. मग तुळई तुटली, ती बंदूक उडाल्यासारखी. पेट्या दिसेनाशा झाल्या. कपाट, पलंग, पिंप, सगळं त्यांच्यामागे गेलं. आणि दादा अजून धाकट्याच्या तोंडाकडेच बघत होता, उत्तराची वाट बघत असल्यासारखा. मग तिथे नुसती धूळ होती आणि धुळीतून शिशाचे खिळे खाली पडत राहिल्याचा आवाज येत होता. तो कितीतरी वेळ थांबला नाही.

धाकट्याला लोकांनी मागच्या जिन्यावरून उचलून आणलं. त्याचा हात अजून पुढे ताणलेलाच होता, तो दुमडायला दोघांना जोर लावावा लागला. रस्त्यावर लेक बाळाला घेऊन उभी होती. तिने एकदाच विचारलं, "काका?" आणि त्याच्याकडे बघून पुन्हा विचारलं नाही.

पुढे तो लेकीच्याच घरी राहिला, नव्या इमारतीत, जिथे दिवे छताला चिकटून बसवलेले असतात. कुणी भेटायला आलं की तो सगळं सांगायचा, गजापासून जॅकपर्यंत. शेवटी त्याच्या सांगण्यातली गाडी त्याच जागेवर येऊन थांबायची. "म्हणणारच होतो मी," तो म्हणायचा. "ओठांवर आलं होतं. आणखी एक श्वास मिळाला असता ना, तर म्हटलंच असतं मी." पाहुणे हळहळायचे, त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. लेक तेवढं ऐकायची, आणि मग मुलीला कडेवर घेऊन दुसऱ्या खोलीत जायची.